उपासाची शुगर

रक्त काढताना मी माणसाशी बोलत राहते. त्याचं लक्ष सुईवरून उडावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे मला चौकशा करायची भारी खोड आहे. वऱ्हाडातल्या मालेगावच्या बसस्टँडजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं हे काम करते आहे आणि एवढ्या काळात रक्तापेक्षा गोष्टीच जास्त गोळा झाल्या असतील. सोयाबीन काढायला आलं की शुगरवाले गायब होतात. दिवाळी झाली की एकदम रांग लागते, आणि रांगेतला जो तो शेजारच्याला सांगत असतो की आपण यंदा करंजीला हातसुद्धा लावला नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पिऊन येणारे आहेत. एक रिटायर मास्तर तर हात पुढे करताना दरवेळी म्हणतात, "आज जरा सांभाळून दाखव, पोरी." जसा काही आकडा मीच ठरवते.

या आजाराबद्दल मला कुतूहल वाटतं, कारण तो दिसत नाही. ताप कपाळाला हात लावला की कळतो. खोकला ऐकू येतो. शुगर मात्र बाटलीतल्या रक्तात असते, मग कागदावरच्या आकड्यात असते, आणि माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवून गोळी गिळतो. आकडा लिहिणारी मी. हे मला पूर्वी फार मोठं काम वाटायचं.

काकू म्हणजे माझ्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई. गाव शिरपूरच्या रस्त्यावर, मालेगावहून बसने अर्धा तास. शाळेत शिजवलेली खिचडी मिळायला लागली तेव्हा मी चौथीत होते आणि पहिल्या दिवसापासून चुलीपाशी काकूच होती. आमचं घर बौद्ध वस्तीत. तेव्हा गावातल्या काही घरी आम्हा पोरांनी पाणी मागितलं तर गडवा उंच धरून ओंजळीत पाणी सोडायचे. काकूचा पळा मात्र सगळ्यांच्या ताटाला सारखाच टेकायचा, आणि ताट रिकामं झालं की "आनखी घे नं वं" म्हणून पुन्हा टेकायचा. त्यातलं काही तेव्हा मला समजत नव्हतं, मी नुसती खिचडी खात होते. समजलं ते पुष्कळ उशिरा, आणि तेव्हापासून ती बाई मला गावात सगळ्यांहून मोठी वाटते.

काकू आता साठीला टेकली आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परत येतात. मधले सगळे महिने काकूचं जग म्हणजे शाळा. कोणत्या पोराला वाटाणा चालत नाही, कोणाची आई बाळंत झाली, कोण घरून उपाशी येतं आणि कोण नुसतं तसं सांगतं, हे सगळं तिला तोंडपाठ.

गेल्या वर्षी गावात तपासणीचं शिबिर झालं आणि त्यात काकूला शुगर निघाली. फार नव्हती. मालेगावच्या डॉक्टरांनी सकाळी अर्धी गोळी सुरू केली आणि दर महिन्याला उपाशीपोटी रक्त तपासून यायला सांगितलं. अशी ती माझ्याकडे येऊ लागली.

आता एका शब्दाचं सांगते. शुगर दोनदा मोजतात, एक उपाशीपोटी आणि एक जेवल्यावर दोन तासांनी. 'उपाशीपोटीची' हे लिहायला लांबलचक, बोलायला त्याहून. म्हणून मी 'उपासाची' म्हणायला लागले. उपासाची आणि जेवणाची. कसं सुटसुटीत, गावच्या माणसाच्या तोंडात चटकन बसणारं. मी तर चिठ्ठीवर मारायला तसा रबरी शिक्काच करून घेतला: 'उपासाची शुगर. सकाळी यावे.' लॅबचे मालक छान म्हणाले. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकूचा पहिल्याच महिन्याचा आकडा चढा निघाला. डॉक्टरांनी अर्ध्याची एक गोळी केली. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. एकाच्या दोन झाल्या. मी आकडा लिहिला की ती विचारायची, "काय म्हंते?"

"काकू, उपासाची शुगर वाढली."

"पुन्हा उपासाचीच?"

"उपासाचीच."

ती पदर सावरून उठायची आणि मान खाली घालून बस पकडायला जायची. गोळी वाढणार म्हणून घाबरली असेल, असं मी समजत होते. डॉक्टरांनी एकदा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी लिहून दिली होती. ते रक्त आम्ही अकोल्याला पाठवतो. काकूने साफ नाही म्हटलं. "माह्यं रगत अकोल्याले कायले? मीच कधी गेली नाही अकोल्याले." मी पोट धरून हसले आणि ती चिठ्ठी बाजूला ठेवून दिली.

जानेवारीत काकू शाळेत पडली. अकराचा सुमार होता, शेगडीवर गंज चढलेला. आमच्याकडे गंज म्हणजे शिजवायचं मोठं पातेलं. काकूला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती शेगडीला खेटून खाली बसली. उकळतं पाणी मनगटावर सांडलं. पोरं रडायला लागली. अशा चकरा तिला तीन महिन्यांपासून येत होत्या हे तेव्हा उघड झालं. डॉक्टरांना सांगितलं तर काम सोडायला लावतील म्हणून तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "काकू, तुमी घरी थांबा. पुढचं शाळेची समिती ठरवीन." जोडीची बाई एकटी स्वयंपाक करू लागली. काकूपुढे शाळा जाते की राहते, एवढा एकच प्रश्न उरला होता, आणि तो सुटावा म्हणून तिची शुगर उतरायला हवी होती.

फेब्रुवारीत काकू तपासणीला आली त्या सकाळी लॅबमध्ये फार्मसी कॉलेजची एक मुलगी बसलेली होती. शुगर असलेल्यांच्या रक्तातला ऑक्सिडेटिव्ह ताण आणि त्यांचं रोजचं जगणं, असा तिचा अभ्यासाचा विषय. बर्फाचा डबा आणि छापील प्रश्नांचा गठ्ठा घेऊन ती आली होती. मला तर पर्वणीच. मी सकाळपासून तिला भंडावून सोडलं होतं.

काकूची परवानगी घेताना तिने ताण हा शब्द काढला आणि काकू लगेच म्हणाली, "ताण तं हाये बाप्पा. पोरगा बाहेरगावी, शाळा बंद. टेन्शनच टेन्शन."

"तसला ताण नाही, आजी," मुलगी म्हणाली. "साखर जास्त झाली की शरीरात असे काही कण तयार होतात की ते आजूबाजूच्या चांगल्या भागाला इजा करतात. शरीर त्यांना आवरतं, पण एका मर्यादेपर्यंतच. मग आतून गंज चढतो असं समजा."

"गंज?" काकू माझ्याकडे वळली. "रगतात गंज कुठून आला वं?"

मुलीला कळेना मी का हसते आहे. मी काकूला सांगितलं की ही जंग म्हणते आहे, विळ्याला लागतो तसा. काकूला ते एकदम पटलं. आपल्या हाताच्या शिरा तिने उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "घे मंग. पाहाय किती लागला तं."

नमुना घेऊन झाला आणि प्रश्न सुरू झाले. 'गत चार आठवड्यांत आपल्या प्रकृतीमुळे दैनंदिन कार्यात कितपत अडथळा आला? मुळीच नाही, थोडा, मध्यम, बराच, अत्यंत.'

"काय म्हंते ही?"

"काकू, बीमारीनं काम अडते का तुमचं?"

"बीमारीनं कुठं? मास्तरनं अडवलं."

हे कोणत्या चौकटीत बसवायचं ते मुलीला कळेना. लग्नाकार्याला जाता का, या प्रश्नावर काकूने कोणाकडच्या पंगतीत बुंदी होती आणि आपण ती कशी शेजारणीच्या पत्रावळीत सरकवली ते सविस्तर सांगितलं. झोप कशी लागते, यावर म्हणाली की घरी बसलं की झोपसुद्धा कंटाळते. मी वऱ्हाडीतून पुस्तकी मराठीत आणि पुस्तकीतून वऱ्हाडीत ने-आण करत होते आणि मला मजा येत होती. मग प्रश्न आला, 'आपणास सर्वाधिक उत्साह केव्हा वाटतो?'

"उपासाच्या दिवशी," काकू पटकन म्हणाली. "त्या दिवशी चक्कर येतच नाही मले. आंग कसं हलकं राह्यते."

मुलीने 'धार्मिक श्रद्धा' असं काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. मी मात्र तिथंच अडकले. दोन गोळ्या घेऊन जो उपाशी राहील त्याला चक्कर जास्त यायला पाहिजे. इथे उलटं का?

"काकू, उपासाच्या दिवशी सकाळी तुमी काय घेता?"

"काय घेईन? साबुदान्याची उसळ. कधी भगर. उपासाले उपासाचंच खाईन नं."

"आन बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी काही नाही. गोळी घेते आन शाळेत जाते. पोट्टे जेवले का मंग जेवते."

"आज काय खाल्लं?"

"उसळ. चतुर्थी हाये नं आज." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती जरा गोंधळली. "तूच तं शिक्का मारून देते, उपासाची शुगर म्हून. मंग मी उपासाच्याच दिवशी येते. बिना उपासाची कशी येऊ?"

मी रजिस्टर काढलं. काकूच्या सगळ्या तारखा काढल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी एकेक ताडून पाहिल्या. प्रत्येक तारखेला चतुर्थी. एकसुद्धा चुकलेली नव्हती. दर महिन्याला ती बाई नेमाने साबुदाणा खाऊन, बसने अर्धा तास येऊन, साखर पुरती चढलेल्या वेळी माझ्यापुढे हात धरत होती, आणि मी तो आकडा रिकाम्या पोटाचा म्हणून लिहून देत होते. त्या आकड्यावर गोळी वाढत होती. आणि ती वाढलेली गोळी बाकीचे सगळे दिवस खरोखर रिकाम्या पोटी तिच्या अंगातली साखर ओढून नेत होती, दुपारच्या आत, शेगडीजवळ.

साबुदाण्याची उसळ मला माहीत नाही असं नाही. मैत्रिणींच्या डब्यातली मी भरपूर खाल्ली आहे. पण आमच्या घरी तो उपास नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आई अष्टशील घेते तेव्हा दुपारनंतर अन्नाला शिवत नाही, तिचं व्रत म्हणजे खरंच न खाणं. तोच अर्थ माझ्या डोक्यात बसलेला असेल. किंवा तेही नसेल. नुसता सुटसुटीत शब्द सापडल्याचा आनंद असेल. मला स्वतःचा इतका राग आला की हातातली बाटली मी धड लेबल न लावताच ठेवून दिली.

मुलगी शहाणी होती. तिने काकूपुढे काही बोलणं टाळलं. नंतर मला म्हणाली की नुसती चढलेली साखर नव्हे, सारखी चढउतार होणारी साखरही तो गंज वाढवते असं काही अभ्यासक मानतात, अजून त्यावर वाद आहे. एरवी मी तिला यावर वीस प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकच विचारला, काकूच्या रक्तात किती निघेल ते कळवशील का. ती म्हणाली, एकेकट्या माणसाचा निकाल आम्ही देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूला पुन्हा बोलावलं, पाण्याशिवाय काही न घेता, आणि गोळीही न घेता. आकडा आला अठ्ठ्याऐंशी, शंभराच्या आत, अगदी चांगला. मी तो कागद घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. "सकाळी काय खाल्लं, हे मीही कधी विचारलं नाही," असं ते म्हणाले आणि गोळी पुन्हा अर्धी केली, तीही न्याहारीनंतर. शिक्का मी त्याच दिवशी वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकला.

काकूला मात्र मी म्हणाले, "गोळी जड झाली होती तुमाले. डॉक्टरांनी कमी केली. सकाळी भाकर खाऊनच गोळी घ्यायची." एवढंच. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला लाज वाटत होती आणि भीतीसुद्धा. गावात मी शिकलेली पोरगी, लॅबवाली बाई. काकूच्या नजरेतून उतरण्याची माझी तयारी नव्हती.

पंधरा दिवसांत काकूला एकदाही चक्कर आली नाही. समितीची बैठक ठरली तेव्हा तिने मला बोलावलं. "तू सांग नं वं त्याईले. तू शिकली हायेस, तुह्यं ऐकतीन." शनिवारी सकाळी मी गेले. वर्गात हेडमास्तर, समितीचे चार-पाच जण, आणि दाराशी काकू. एक म्हातारे सदस्य आधीच म्हणाले, "बाईवर राग नाही आमचा. पण उद्या पोट्ट्यायवर गंज उलटला तं?" त्यांचं काही चूक नव्हतं.

मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. हेडमास्तरांनी ती वाचली आणि म्हणाले, "आता बरं हाये ते ठीक. पण झालं कायनं? पुन्हा झालं तं?"

नुसतं गोळी जड झाली होती म्हणून भागणार नव्हतं. मी सांगितलं. उपासाची शुगर, साबुदाणा, चतुर्थी, अर्ध्याच्या दोन गोळ्या, सगळं.

"म्हंजे चूक कोनाची?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"माही," मी म्हणाले. "बाईची काही चूक नाही."

काकू दारातून आत आली. "तुले कधीपासून ठाऊक हाये?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस." तिचा आवाज चढला नाही. "दर महिन्याले तू मले म्हने, उपासाची शुगर वाढली, उपासाची शुगर वाढली. मले वाटलं माह्या उपासातच खोट हाये. देव माह्या उपास घेऊनच नाही राह्यला. कोनाचं काय वाईट केलं म्हून आठवत बसत जाय मी. मेलेल्या सासूले एक डाव उलटून बोलली होती, तिची माफी मागतली. सोमवार बी धरला. आन तुले पंधरा दिवसांपासून ठाऊक हाये."

मी "चुकलं माझं काकू" म्हणाले, ते मलाच नीट ऐकू आलं नाही. हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि ठरवून टाकलं की काकूने सोमवारपासून यायचं, गंज मात्र जोडीच्या बाईनेच उचलायचा. म्हातारे मान हलवून हो म्हणाले.

काकू सोमवारची वाट बघणार नव्हती. ती तशीच स्वयंपाकाच्या खोलीत गेली, ताटात तांदूळ घेतले आणि निवडायला बसली. मी दारात उभी राहिले. जा म्हणाली असती तर गेले असते. ती जा म्हणाली नाही आणि ये म्हणाली नाही. शेवटी मी तिच्यासमोर बसले आणि एका कडेने खडे वेचायला लागले. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. अर्धं ताट निवडून झालं. मग मान वर न करता तिने विचारलं,

"सकाळी काही खाऊन निंगाली का तू?"

मी नाही म्हणाले.